चार एकर, दसऱ्याच्या आत

२४ ऑगस्ट, रविवार. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. कोणाला दाखवायची नाही. रिटायर होऊन सहा वर्षं झाली, पण कामाची नोंद ठेवायची सवय सुटत नाही, आणि हे काम नोंद ठेवण्यासारखं आहे.

प्रकरण असं. शहराबाहेर, बरेल्याच्या पुढे आपली चार एकर जमीन. रिटायर झालो तेव्हा घेतली, माझ्या आणि बायकोच्या, सरोजिनीच्या नावावर. सध्या तिथे गाजरगवत, घाणेरी आणि कांस, माणसाच्या छातीपर्यंत. सरोजिनी म्हणते विकून टाका. सिविल लाइंसची एक पार्टी फार्महाऊससाठी मागून राहिली आहे. त्या पैशात पोराचा, अजिंक्यचा, पुण्याचा मोठा फ्लॅट होते आणि म्हातारपण नातवाजवळ जाते. मी म्हणतो पुण्याला मी जाणार नाही. आठव्या मजल्यावर माणसानं करायचं काय? इथे रोज सकाळी आठला मला निघायला एक जागा आहे. ती गेली तर दिवसभर ह्या नेपियर टाउनच्या तीन खोल्यांत मी आणि सरोजिनी समोरासमोर. एवढी साधी गोष्ट हिला काहून कळत नाही?

काल जोरात भांडण. शेवटी तोड तिनंच काढली. दसऱ्यापर्यंत चारही एकर साफ करून दाखवा, एकट्यानं. तिथला राखणदार नथ्थू, त्याचा हात लागू द्यायचा नाही. जमलं तर विकायचं नाव काढणार नाही. नाही जमलं तर गुपचूप सही. मी म्हटलं, कागदावर लिही. तिनं लिहिलं. मी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारून दिलं आणि खाली सही ठोकली.

बिचारी. ट्रॅक्टरच्या मागे स्लॅशर लागते हे तिच्या गावीही नाही. लोखंडी छत, त्याच्याखाली दोन जाड पाती गरगर फिरतात, गवत-झुडूप जे येईल ते उडवतात. आपला लहान ट्रॅक्टर, अठरा हॉर्सपॉवर, मागच्या वर्षीपासून शेडमध्ये उभाच आहे. स्लॅशर जुना घेणार. नवीन वस्तू कोणीही भैताड घेते. जुनी निवडायला डोळा लागतो. चौतीस वर्षं फॅक्टरीच्या इन्स्पेक्शन सेक्शनमध्ये मी डोळ्याशिवाय दुसरं काय वापरलं?

चाळीस दिवस आहेत. काम चार दिवसांचं.

२५ ऑगस्ट, सोमवार

नथ्थूला ताकीद दिली. आजपासून एक काडी कापायची नाही. त्याच्या दोन म्हशी आपल्या जमिनीत चरायच्या, त्या तर मी जुलैतच काढल्या होत्या, पण पुन्हा सांगितलं. तो म्हणाला, बाबूजी, सहा माणसं लावा, विळ्यानं आठ दिवसांत मोकळं करून देतो. मी म्हटलं, आता मशीनचा जमाना आहे, विळा घरी खुंटीला टांग. तो हसला. खालच्या दर्जाचे लोक भविष्याला घाबरले की हसतात.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पहिला स्लॅशर पाहिला. पाटण रोडला, एका शेतकऱ्याकडे. चार फुटी. सोबत मापायला व्हर्निअर आणि फीलर गेज, शिवाय लाल खडू आणि टॉर्च नेला होता. पालथा होऊन खाली शिरलो. दोन तास दहा मिनिटं.

दोष चौदा. छताला पोचे तीन. रंग उडालेला. वेल्डिंग ओबडधोबड. गंज. एक पातं दुसऱ्यापेक्षा अर्धा मिलीमीटर जास्त झिजलेलं. जिथे जिथे दोष तिथे लाल खडूनं फुली मारली, सवयीनं. तो शेतकरी म्हणाला, गिअरबॉक्सचं तेल पहा, एकदम साफ आहे, तुमच्या लहान ट्रॅक्टरला हाच झेपेल. मी म्हटलं, भैया, तेल काय कोणीही बदलून ठेवते. तो म्हणाला, मशीन पुसून द्या आणि निघा.

पुसलं नाही. रिजेक्ट. चेहरा असा झाला होता त्याचा! चौतीस वर्षं हाच चेहरा पाहिला मी सप्लायरांचा. अजूनही मजा येते.

वर राहणाऱ्या नीलकंठला जिन्यात सांगून बसलो. हा आमच्याच फॅक्टरीतला, पण असेंब्लीतला. हातोडी मारून बसवणारे लोक. तो म्हणाला, गुणवंता, आधी ट्रॅक्टर आणि मशीन शेजारी शेजारी उभं करून पाह्य, बाकी सगळं मग. मी ऐकून घेतलं. फिटमेंट आमच्या सेक्शनचं काम कधीच नव्हतं. आम्ही वस्तू पाहायचो. ती कशाला लागते, लागते की नाही, हे ज्याचं त्यानं पाहावं.

१ सप्टेंबर, सोमवार

घरात महालक्ष्म्या. सोळा भाज्या. भेंडीचे तुकडे लहानमोठे होते, मी सरोजिनीला दाखवून दिलं. तिचं हे चांगलं आहे, चूक पटली की गप्प बसते.

दुपारी अजिंक्यचा फोन. आईशी चाळीस मिनिटं, माझ्याशी एक. त्यानं नवीन फ्लॅटचा नकाशा पाठवला. त्यावर लिहिलं आहे: आमची बेडरूम, बाळाची खोली, आईची खोली. माझ्या खोलीचं नाव लिहायचं राहून गेलं. पोराला कागदपत्रांची शिस्त पहिल्यापासून नाही.

तसंही मला जायचं नाही. पण मी नसलो तर त्यांचं अडते हेही खरं. मागच्या वर्षी अकरा दिवस राहिलो होतो तेव्हा त्यांच्या घरातले त्रेसष्ट दोष काढून दिले आणि लिस्ट फ्रिजला लावून आलो. दरवाजांच्या फटी, सुनेचं मीठ, बाळाचं वजन, सगळं आकड्यात. निघताना यशश्रीचे डोळे भरून आले होते. सुनेला सासऱ्याचा एवढा लळा मी कुठे पाहिला नाही.

६ सप्टेंबर, शनिवार

दुसरा स्लॅशर. सिविल लाइंसमध्ये एका डॉक्टरच्या बंगल्यात, पाच फुटी, बागेसाठी घेतलेला. पहिल्या दिवशी वरचा भाग तपासला. दुसऱ्या दिवशी खालचा. आज तिसऱ्या दिवशी वजन करायला काटा घेऊन गेलो तर कुत्रा मोकळा होता. काल बांधलेला होता. गडी गेटच्या आतून म्हणाला, साहेबांनी विकून टाकला. कधी? म्हणे, आत्ता. मशीन मागे मला दिसून राहिली होती.

घाई करणाऱ्या माणसाशी व्यवहार न झालेला बरा. पँट शिवायला दिली.

८ सप्टेंबर, सोमवार

पितृपक्ष लागला. सरोजिनी म्हणते, आता पंधरा दिवस काही विकत आणायचं नाही, अशुभ असते. मी समजावलं. नियम नवीन वस्तूला आहे. जुनी वस्तू आधीच कोणाच्या तरी घरात येऊन गेलेली असते, तिचं शुभ-अशुभ त्याच्या खात्यात. शिवाय ह्या दिवसांत गिऱ्हाईक फिरकत नाही, त्यामुळे विकणारा रडकुंडीला आलेला असतो. म्हणजे पितर माझ्याच बाजूनं आहेत.

ती म्हणाली, कागद माझ्या कपाटात आहे, एवढं लक्षात ठेवा. मी म्हटलं, हो, आणि तो मी दसऱ्याला सोन्यासारखा वाटीन.

११ सप्टेंबर, गुरुवार. दुपारी ३

सापडला!

कटंगी रोडला आलोक नावाच्या माणसाचं यार्ड आहे, जुनी शेतीची यंत्रं दुरुस्त करून विकतो. मागे कोपऱ्यात उभा होता. सहा फुटी. लालभडक. अहाहा! छतावर एक पोचा नाही. रंगाची जाडी चार ठिकाणी मोजली, चारही ठिकाणी सारखी. पाती मिलीमीटरला मिलीमीटर. वेल्डिंग असं की हात फिरवत राहावा. पाच तास तपासलं. दोष शून्य. सबंध नोकरीत मी शून्य तीनदा लिहिलं आहे.

आलोकनं विचारलं, ट्रॅक्टर कोणता. अठरा हॉर्सपॉवर म्हटल्यावर तो हसायला लागला. म्हणाला, बाबूजी, ये आपके लायक नहीं है, ह्याला पन्नासचा ट्रॅक्टर लागते. तुमच्यासाठी चार फुटी पाहून देतो, आठ दिवस थांबा. मी मनात म्हटलं, अच्छा! म्हणजे हा माल ह्याला दुसऱ्या कोणासाठी दाबून ठेवायचा आहे. चांगला माल सप्लायर सहजासहजी हातातून सोडत नाही, हे मी त्याला शिकवू की तो मला?

मी म्हटलं, हाच पाहिजे. तो म्हणाला, परत घेणार नाही. मी म्हटलं, परत कोण करणार आहे? त्यानं तेही कागदावर लिहून घेतलं. हल्ली सगळे माझ्याकडून लिहून घेऊन राहिले आहेत. माझ्या सहीला किंमत आहे.

१४ सप्टेंबर, रविवार

माल आला. आलोकच्या माणसांनी शेडसमोर उतरवला. ट्रॅक्टरच्या शेजारी ठेवला तेव्हा ट्रॅक्टर थोडा लहान वाटला. ऊन तिरपं होतं म्हणून.

जोडायच्या पिना भोकात जाईनात. पिना जाड, ट्रॅक्टरची भोकं बारीक. ट्रॅक्टर कंपनीचा दोष, नोंद घेतली. पाच तास कानस मारून पिना बारीक केल्या. नथ्थू बांधावर बसून शेंगदाणे खाऊन राहिला होता.

१५ सप्टेंबर, सोमवार

हायड्रोलिकनं स्लॅशर उचलला. स्लॅशर जागेवरच राहिला, ट्रॅक्टरची पुढची दोन्ही चाकं वर गेली. मी सीटवर, तोंड आभाळाकडे. तीन कावळे पाहिले. नथ्थूला हसताना ठसका लागला, शेंगदाणा अडकला असावा. मी मदतीला उतरलो नाही, उतरताच येत नव्हतं.

उपाय निघाला. बोनेटवर वाळूची पोती बांधायची. चार पोती. इंजिनिअरिंग म्हणजे दुसरं काय असतं?

१८ सप्टेंबर, गुरुवार

शुभारंभ. पेढे नेले होते. नारळ फोडला. पीटीओ, म्हणजे ट्रॅक्टरच्या मागचा फिरता दांडा, तो चालू केला. पाती फिरली. असा आवाज आला की अंगावर काटा. गाजरगवतात शिरलो. सात पावलं गेलो आणि इंजिन बंद पडलं. पुन्हा चालू. सहा पावलं. बंद. पुन्हा. पाच.

दिवसअखेर साफ झालेली जागा: दोन खाटा मावतील एवढी. पण काय साफ! मी स्वतः गुडघ्यावर बसून पाहिलं, उंची एकसारखी. क्वालिटी म्हणतात ती हीच. आता फक्त क्वांटिटी राहिली.

पेढे नथ्थूनं खाल्ले.

२० सप्टेंबर, शनिवार

स्लॅशर एक फूट उंच केला. आता इंजिन बंद पडत नाही. गवताचे शेंडे उडतात, खालचं तसंच राहते. नथ्थू म्हणाला, बाबूजी, कटिंग बढिया आहे, आता दाढी पण करून द्या. ह्याला काढून टाकावं असं वाटून राहिलं आहे. दसरा झाला की पहिलं काम तेच.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सरोजिनीनं ह्या वर्षी नऊही दिवसांचे उपास धरले. गुडघे दुखतात तरी. मी विचारलं, काही विशेष? ती म्हणाली, एक मागणं आहे. मला कळलं. बोलत नाही, पण नवऱ्याच्या यशासाठी बाई कुठपर्यंत जाते! कळलं हे तिला न दाखवता म्हटलं, साबुदाण्यात मीठ कमी आहे.

स्लॅशर आज पुन्हा खाली घेतला. कांसात दडलेल्या बाभळीच्या बुंध्याला पातं लागलं आणि दांड्यातला एक बोल्ट कटकन तुटला. शिअर बोल्ट म्हणतात त्याला. ओमतीच्या बाजारातून डझनभर आणले.

२४ सप्टेंबर, बुधवार

दोन दिवसांत अकरा बोल्ट तुटले. दगडाला लागलं की तुटला, वारुळाला लागलं की तुटला. इतका भिकार माल! ग्रेड नाही, मार्किंग नाही, हातानं वाकवावा असा मऊ. हा बोल्ट माझ्या टेबलावर आला असता तर सप्लायरचं नाव काळ्या यादीत गेलं असतं.

आलोकला फोन करून झापलं. तो शांतपणे म्हणाला, बाबूजी, तो तुटायसाठीच असते. पातं अडकलं की आधी बोल्ट तुटते आणि तुमचा ट्रॅक्टर वाचते. मजबूत बोल्ट लावू नका, हात जोडतो.

तुटायसाठी बनवलेला बोल्ट! चौतीस वर्षांत असं एक ड्रॉइंग माझ्यासमोर आलं नाही. संध्याकाळी नीलकंठनंही तेच सांगितलं, म्हणजे हे सगळे मिळालेले आहेत.

२५ सप्टेंबर, गुरुवार

माळ्यावरून माझा डबा काढला. रिटायरमेंटच्या दिवशी माझ्या पोरांनी, म्हणजे सेक्शनच्या पोरांनी, आठवण म्हणून सहा बोल्ट दिले होते. हाय टेन्साइल, प्रत्येकाची मीच टेस्ट केलेली. ह्यातला एक जरी तुटला तरी मी नाव बदलीन. आज एक लावला. घट्ट आवळला. आता पाहू कोण तुटते.

अजून सात दिवस. रोज अर्धा एकर म्हटलं तरी साडेतीन. उरलेला अर्धा दसऱ्याच्या सकाळी पूजेच्या आधी.

२६ सप्टेंबर, शुक्रवार. दुपारी १२.४०

बोल्ट तुटला नाही.

ट्रॅक्टर तुटला. पातं बुंध्यात रुतलं, दांडा थांबला, इंजिन थांबायला तयार नाही, आणि मागून तोफ उडाल्यासारखा आवाज. पीटीओचं घर उभं फाटलं. काळं तेल सगळ्या कांसावर. आलोक स्वतः मोटरसायकलवर आला, पाहिलं, बोल्ट काढून हातात घेतला आणि उलटसुलट करून पाहिला. मग म्हणाला, दोन महिने लागतील, पार्ट बाहेरून येईल.

बोल्ट मी मोजला. वाकण शून्य. मी सगळ्यांना दाखवला. कोणाला त्याचं काही नाही.

२८ सप्टेंबर, रविवार

सरोजिनीला ट्रॅक्टरचं सांगितलं नाही. सर्व्हिसिंगला आहे म्हटलं.

विळा आणला. सकाळी सातपासून बसलो. अकरापर्यंत हाताला फोड, बाराला फुटले. कंबर धरली ती सुटेना. वयाच्या सहासष्टाव्या वर्षी माणसानं बसून गवत कापायला नको, एवढं खरं. आज पहिल्यांदा भीती वाटली. जमीन जाईल अशी भीती. लिहून ठेवतो, कोणी वाचणार नाही म्हणून.

मग नथ्थूकडे गेलो. मी स्वतः, त्याच्या झोपडीपर्यंत. म्हटलं, सहा माणसं घेऊन ये, चार दिवसांत कर, सरोजिनीला सांगायची गरज नाही. म्हशी पण आण. त्यानं मला खाटेवर बसवलं, पाणी दिलं. म्हणाला, बाबूजी, सरोजिनी दीदीनं मला कागद वाचून दाखवला आहे, माझा हात लागायचा नाही. मी म्हटलं, अरे कागद काय घेऊन बसला. तो म्हणाला, तुम्हीच तर म्हणाले होते, विळा खुंटीला टांग. टांगला.

आणखी एक म्हणाला. जमीन मागणाऱ्या त्या सिविल लाइंसवाल्या साहेबांनी त्याला पुढच्या महिन्यापासून ठेवून घेतलं आहे. विसार पण दिला. पोचवायला तो रस्त्यापर्यंत आला, माझ्या हातातला विळा त्यानं घेतला आणि म्हणाला, धार गेली आहे ह्याची.

१ ऑक्टोबर, बुधवार

टेप घेऊन मोजणी केली. साफ झालेलं क्षेत्र पाऊण एकराला थोडं कमी. त्यात शेंडे कापलेलं धरलं तर. न धरता, अर्ध्याच्याही खाली.

तरी मी पॉइंट तयार केले आहेत. एक, कागदावर साफ ह्या शब्दाची व्याख्या नाही. दोन, ट्रॅक्टरचा बिघाड ही दैवी आपत्ती. तीन, जेवढं झालं त्याचा दर्जा. सरोजिनी समजूतदार आहे. नऊ दिवस उपाशी आहे माझ्यासाठी.

२ ऑक्टोबर, गुरुवार. दसरा

सरोजिनी ऑटो करून सोबत आली. पैठणी नेसून. बांधावर उभी राहिली, छातीएवढ्या गवताकडे पाहिलं, फाटलेल्या ट्रॅक्टरकडे पाहिलं. मी पॉइंट एक सुरू केला. तिनं पर्समधून कागद काढला आणि पूर्ण वाचला, मी सुधारलेल्या ऱ्हस्व-दीर्घासकट. मग म्हणाली, अहो, चला, ऑटो थांबला आहे.

ऑटोत बसल्यावर मी आपट्याचं पान पुढे केलं. तिनं घेतलं. घरी आल्यावर उपास सोडला. तीन पुरणपोळ्या खाल्ल्या. एवढी भूक तिला मी लग्नानंतर पाहिली नव्हती.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

जमिनीची रजिस्ट्री झाली, ताबा त्या पार्टीनं दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशीच घेतला होता. सही चांगली आली. तिथल्या बाबूला त्याच्या कागदावरच्या दोन चुका दाखवल्या. तो म्हणाला, अंकल, लाइन बडी है.

परत येताना बरेल्याकडून आलो, काम नव्हतं, असाच. पाटण रोडवाला तो चार फुटी पोच्यांचा स्लॅशर नवीन मालकानं घेतला आहे. लहान ट्रॅक्टर, आपल्याच एवढा. सरसर चालला होता. वर नथ्थू बसलेला. तीन एकर मोकळे. बुंधा आला की थांबायचा, उतरायचा, बोल्ट बदलायचा, पुन्हा सुरू. माझ्या खडूच्या फुल्या अजून दिसत होत्या.

आवाज मला बरोबर वाटला नाही. फार दिवस टिकणार नाही तो.

१५ ऑक्टोबर, बुधवार

ठरलं. जमीनच नाही तर इथे काय ठेवलं आहे? जाऊ पुण्याला. खुशी नाही माझी, पण शब्द तो शब्द. अजिंक्यनं फ्लॅट बुक केला. बिल्डर लोक कसे फसवतात, हे त्या बिचाऱ्याला काय कळणार? मी गेल्याशिवाय ताबा घेऊ नको म्हणून मेसेज टाकला. दोन निळ्या खुणा आल्या. कामात असेल.

मी माझं सामान काढून राहिलो आहे. गेज, व्हर्निअर, स्पिरिट लेव्हल, खडूचा नवीन डबा. नवीन घर म्हणजे दीडशे दोष सहज निघतील. यशश्री नोकरी करते, तिला वेळ नसतो, बाळाचं वजन आठवड्याला मी घेईन. खरं सांगायचं तर मला आता जावंसं वाटून राहिलं आहे. बाळ मला पाहून हसलं होतं मागच्या वेळी. एकदा तर नक्कीच.

३ नोव्हेंबर, सोमवार

तिकीट आलं. सरोजिनीच्या मोबाईलवर. रविवारची गाडी. एकच नाव आहे.

मी तिला म्हटलं, अजिंक्यनं चूक केली, माझं नाव टाकायचं राहिलं. ती पोळ्या लाटून राहिली होती. म्हणाली, राहिलं नाही. मी ऑगस्टपासून तुम्हाला सांगून राहिली आहे, तुम्ही माझ्या वाक्यातल्या चुका काढता, वाक्य ऐकत नाही. यशश्रीची अटच तशी होती. बाबा आले तर मी राहणार नाही. अजिंक्यनं मला विचारलं, आई, तुला काय वाटते? मी म्हटलं, बरोबर आहे तिचं.

मी विचारलं, मग म्हातारपण नातवाजवळ जाते म्हणाली होतीस ते? म्हणाली, माझं म्हटलं होतं. मग मी विचारायला नको होतं, पण विचारलं. नऊ दिवस उपास कोणासाठी केलेस? लाटणं न थांबवता म्हणाली, तुमचं जमू नये म्हणून.

चाळीस दिवस मी जिवाचा आटापिटा केला, मला पुण्याला नेऊ नये म्हणून. कोणी नेऊन राहिलंच नव्हतं.

पोळी चांगली झाली होती. तसं सांगितलं तिला. ती म्हणाली, बेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, आणि ताट उचललं.

९ नोव्हेंबर, रविवार

स्टेशनवर सोडून आलो. खिडकीतून तिनं हात हलवला नाही, बाटली हातात होती. नीलकंठ सोबत होता. येताना त्यानं चहा पाजला.

गॅस, दूधवाला, गोळ्या, सगळं लिहून फ्रिजला लावून गेली आहे. मी तपासलं. सगळं बरोबर आहे.

१६ नोव्हेंबर, रविवार. सकाळी ११.२०

फोन केला. तिसऱ्यांदा लागला. मागे बाळ रडत होतं, कोणीतरी हसत होतं. मी म्हटलं, फ्लॅट कसा आहे? ती म्हणाली, छान. मी म्हटलं, फटी वगैरे? ती म्हणाली, असतील.

मग मी म्हटलं, सरोजिनी, मी लिस्ट करणार नाही. एक पण दोष काढणार नाही, खडू आणणार नाही, यशश्रीला तसं सांग. खोली नसली तरी चालते, हॉलमध्ये झोपीन.

ती म्हणाली, हॉलमध्ये पाहुणे येतात. दूध उतू जाऊन राहिलं आहे, ठेवते.

अकराला तिची दुधाची वेळ असते असं दिसते. उद्या दहाला करून पाहतो.